पैलाडच्या नाक्यावरची दुपार

पावसाचं कौतुक होतं ते त्याच्या येण्याचं, नाहीतर श्रावणातल्या उन्हाचं. मधल्या पावसाबद्दल कोणी काही बोलत नाही. आषाढ अर्धा सरला की कपडे वाळायचे थांबतात, उशीला कुबट वास येतो, मीठ बरणीत पाणी सोडतं, दार फुगून चौकटीत अडकतं आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते. जांभ्याची भिंत आतूनही ओली लागते. बंदरात होड्या झावळ्यांखाली झाकून ठेवलेल्या, मासेमारीला बंदी, ताटात सुकटीची चटणी. माणसं घरात असूनही नसल्यासारखी असतात. पाऊस पडतोय हे एकमेकांना सांगण्यातही काही राम उरत नाही.

हे दिवस मला आता सोसत नाहीत. लोकांना मी गुडघ्यांचं कारण सांगतो.

मागच्या आठवड्यात प्रथमेश आला. आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो, पावस गावच्या रस्त्यालाच. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो. ओली छत्री पडवीत उपडी ठेवून म्हणाला, "आबा, सीमा गस्त परत उभी करतोय. नियमावली तुम्हीच लिहून द्यायची."

"मी थकलो रे आता."

"लिहायला दम कशाला लागतो? बसूनच तर लिहायचंय."

"बसूनसुद्धा थकायला होतं. माझ्या वयाचा झालास की कळेल."

तो हसला आणि गेला. मी मात्र बराच वेळ तिथेच बसून राहिलो. बाहेर तोच पाऊस, टेबलावर तेच कॉम्प्युटरचं यंत्र, त्याच्यावर माझ्या बायकोने, मालतीने घातलेला जुन्या साडीचा रुमाल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रथमेश आणि त्याच्या मित्रांनी इंटरनेटवर एक प्रांत वसवला आहे. नाव कातळगड. खेळच आहे तो, पण त्यात कोणी जिंकत नाही की हरत नाही. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं आणि त्या माणसासारखं वागायचं. कोणी डॉक्टर होतो, कोणी टपरी चालवतो, कोणी वकील होऊन विनाकारण भांडतो. प्रांताचं स्वतःचं पोलीस दल आहे. त्याला वर्दी आहे, वायरलेस आहे, बढत्या आहेत, रुसवेफुगवे आहेत. मुलं सगळी आपल्याच बाजूची. कोणी मुंबईत, कोणी बोटीवर, कोणी रत्नागिरीत, कोणी गावात आईवडिलांपाशी. खेळ तयार केला परदेशी लोकांनी, त्यामुळे पडद्यावर दिसतं ते कोरडं ठणठणीत वाळवंट, रुंद रस्ते आणि उजवीकडून धावणाऱ्या गाड्या. भाषा मात्र आपली. प्रांताच्या पलीकडचा मुलूख तो पैलाड. पैलाडचे लोक चोरटा माल आणणार आणि आपण तो अडवणार, असा बेत. खेळात नुसत्या पेट्या दिसत, वर काही लिहिलेलं नसे. पोरांनी ठरवलं, आत काजूगर आहेत. आमच्याकडे चोरून न्यावं असं दुसरं आहे तरी काय?

मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. सगळी नोकरी स्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत गेली. कुठली गाडी केव्हा सुटायची, कुठला ड्रायव्हर कुठे मुक्कामाला, कोण आजारी, कोणाची बदली कोणी करायची, हे सगळं माझ्या डोक्यात असे. निवृत्त झालो आणि ते डोकं रिकामं झालं. रिकामं डोकं हलकं असतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं ते.

तर काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला प्रथमेश म्हणाला होता, "आबा, आमच्याकडे पोरं आहेत पण शिस्त नाही. सीमेवर कोणी थांबतच नाही. सगळ्यांना गाड्या पळवायच्या असतात. तुम्ही जरा घडी बसवून द्या ना."

मी घडी बसवली. खोटं कशाला बोलू, फार आनंदाने बसवली. पहिल्या दिवशी सवयीने गाडी डावीकडून नेली आणि समोरून येणाऱ्या रुग्णवाहिकेवर आपटली. डॉक्टर झालेल्या पोराने मला खाली उतरवून इंजेक्शन दिलं आणि वर विचारलं, "आजोबा, लायसन्स आहे का?" मालती बाजूला तांदूळ निवडत बसलेली. ती म्हणाली, "घरात तरी आपटू नका म्हणजे मिळवलं."

पण पंधरवड्यात नाके उभे राहिले. पाळ्या लागल्या. वायरलेसवर एका वेळी एकानेच बोलायचं, त्याचं संपल्यावर दुसऱ्याने, हे मी ठरवलं. उगाच बंदूक काढायची नाही, हेही मीच ठरवलं. पोरांनी कुठल्या कुठल्या सिनेमांतले दरडावणीचे संवाद पाठ केले होते. ते सगळे बंद केले. म्हटलं, आपल्या गावात नवीन माणूस दिसला की आपण काय विचारतो? "कुठचे तुम्ही? कुणाकडे आलात?" बस, तेवढंच विचारायचं. पैलाडकर पोरं या प्रश्नाला हमखास अडखळत. एकाने घाईत सांगितलं, "मामाकडे." आमच्या शिपायाने विचारलं, "मामाचं नाव?" तो गप्प. अख्खा काजूगर जप्त झाला.

आणि सगळ्यांत मोठा नियम, जो मी डेपोतून उचलून आणला होता: बदली आल्याशिवाय नाका सोडायचा नाही. ड्रायव्हरने रस्त्यात गाडी सोडून घरी जायचं नसतं. दुसरा येईल, चावी हातात घेईल, मगच पहिला उतरेल. त्या नियमावर मी नोकरीत माणसांना फार बोललो आहे. एक ड्रायव्हर मुलीला ताप आहे म्हणून पालीला गाडी लावून गेला होता, त्याला मी सगळ्या स्टँडसमोर झापलं होतं. त्याचा चेहरा हल्ली आठवतो. तेव्हा नाही आठवला.

दुपारची पाळी घ्यायला कोणी तयार नसे. नोकरीवाले संध्याकाळनंतर येत. दुपारी सीमेवर फक्त मी आणि सुवर्णा.

सुवर्णा लांज्याची. स्टँडसमोर तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. नवरा मुंबईला, घरात सासू आणि एक दीर. दीर आमच्या दलात शिपाई होता, रात्री खेळायचा. त्याचं बघून हीही आली. लग्नाआधी काजूच्या कारखान्यात गर सोलायला जायची, हे तिने एकदा पेट्या जप्त करताना हसत सांगितलं होतं. "आबा, खऱ्यात सोलताना बोटं जळायची. इथं नुसतं बटण दाबायचं. बरं आहे की." पावसात दुपारी दुकानाला गिऱ्हाईक नसे. पुढचं शटर अर्धं ओढून ती मागच्या टेबलाशी बसायची. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आमची ओळख आवाजाची. वायरलेसवर मी "जमादार" म्हणायचो, ती "साहेब". वायरलेस बंद झाला की मी "काय गो बाय" आणि ती "आबा".

बोलायचो काय, तर काही नाही. तुमच्याकडे पडतोय का? पडतोय. आमच्याकडेही पडतोय. पडद्यावर वाळवंटातलं रणरणतं ऊन आणि कानावर दोन गावांचे दोन पाऊस. तिच्याकडे पत्र्यावरचा, माझ्याकडे कौलांवरचा. कधी तिच्या दुकानात कोणीतरी ओरडायचं, "ओ वहिनी, दोन्ही बाजू काढा!" आणि ती म्हणायची, "साहेब, एक मिनिट, आधार कार्ड आलंय." परत यायची आणि न विसरता सांगायची, "नाक्यावर हजर, साहेब."

एकदा म्हणाली, "आबा, दिवसभरात मला एवढ्या इज्जतीने कोण बोलत नाय. घरात आहे ती 'गो', दुकानात आहे ती 'ओ वहिनी'. इथं आहे ती जमादार."

मी हसलो. मलाही कोणी साहेब म्हणत नव्हतं, फक्त तिथेच म्हणत होते. हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

त्या दुपारची गोष्ट आता सांगतो. ती सांगायची म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलं, आणि नेमकी तीच टाळत इथवर आलो.

पैलाडकर मोठा माल काढणार अशी कुणकुण होती. सुवर्णा पुलाच्या नाक्यावर एकटी. मी टेकडीवरच्या चौकीत, गाडी घेऊन तयार. बेत असा की गाड्या दिसल्या की तिने कळवायचं, मी खाली यायचं, दोघांनी मिळून अडवायचं. एकटीने अडवायचं नाही, असं मीच सांगून ठेवलेलं. एवढ्यात अंगणातून हाक आली. माशेवाली. बंदीचे दिवस, कित्येक दिवसांत ओलं मासं तोंडाला लागलं नव्हतं, आणि ती खाडीतले मुडदुशे घेऊन आलेली. मालतीने आतून मला हाक मारली. मी वायरलेसवर म्हटलं, "जमादार, येतो हं मी." आणि हेडफोन काढून उठलो.

येतो. आपल्याकडे उंबऱ्यावरून निघताना कोणी "जातो" म्हणत नाही. जातो म्हणणं अशुभ. मयताला निघालेला माणूससुद्धा घरात "येतो" म्हणूनच बाहेर पडतो. सगळा जन्म हाच शब्द तोंडात बसलेला. मी म्हणालो ते निघताना म्हणतात तसं. तिने ऐकलं ते वाट बघणाऱ्याने ऐकावं तसं. साहेब टेकडीवरून खाली येतायत.

मासे घेतले, भावासाठी घासाघीस झाली, मालतीने ते साफ केले, मी मांजराला हाकलत बाजूला उभा राहिलो, मग चहा झाला. परत आलो तर वीज गेलेली. यंत्र काळं. मी मनात म्हटलं, चला, आज सुटी. रात्री मुडदुशांचं तिखलं जेवलो. चव अजून जिभेवर आहे, हाच तर त्रास आहे.

पैलाडच्या तीन गाड्या पुलावरून सरळ निघून गेल्या होत्या. पलीकडच्या पोरांनी नंतर फुशारकी मारली, "तुमच्या बाई नुसत्या उभ्या होत्या. हात पण दाखवला नाही. आम्हीच त्यांना हात दाखवून गेलो." दलात गवगवा झाला. पोरांना चौकशीचं नाटक करायला निमित्तच हवं होतं. एका संध्याकाळी सगळे जमले, प्रथमेश कमिशनर म्हणून वर बसला. गंमत म्हणून सुरू झालेलं ते, पण तशा गमतीत माणसं फार कडक होतात.

प्रथमेशने मला विचारलं, "गस्तप्रमुख, चौकी सोडताना तुम्ही जमादारांना काय सांगितलंत?"

मी म्हटलं, "निघतो म्हणून सांगितलं होतं. नंतर आमच्याकडे वीज गेली."

एकच शब्द बदलला मी. येतो होतं त्याचं निघतो केलं. अर्थ तोच होता माझ्या मनात, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण अर्थ तोच असता तर शब्द बदलावा कशाला लागला असता?

"म्हणजे तुम्ही नाही आहात, हे त्यांना माहीत होतं?"

"असणार."

मग त्याने सुवर्णाला विचारलं, "जमादार, तुम्हाला काही म्हणायचंय?"

पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. मग ती म्हणाली, "नाही साहेब."

प्रमुख नाही हे ठाऊक असताना तिने दुसऱ्या कोणाला हाक मारली नाही, म्हणजे ती पैलाडला सामील. निकाल लागला, तिच्या नावापुढे लिहिलं गेलं: फितुरीमुळे बडतर्फ. फितूर हा शब्द पोरांना फार आवडला, इतिहासातला शब्द होता ना. मी गप्प होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी चौकीत जाऊन बसलो. नाक्यावर कोणी नव्हतं. कौलांवरचा एकच पाऊस. श्रावण लागायच्या आत गस्त मोडली. प्रथमेशने विचारलं तर म्हटलं, डोळे दुखतात.

कोणाला सांगू गेलो असतो तर तो म्हणाला असता, "अहो खेळ तो. एवढं काय मनाला लावून घेता?" मीही बराच काळ तेच म्हणत होतो. खेळातला नाका खोटा, पूल खोटा, काजूगर खोटे. खोट्या गोष्टींच्या त्या पसाऱ्यात मी जे बोललो तेही खपून जाईल असं वाटलं. पण ऐकणारं माणूस खरं होतं. खोट्या नाक्यावर ते खरोखरीचं उभं राहिलं होतं.

प्रथमेश नियमावली मागून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लांज्याची गाडी धरली. निवृत्तीनंतर त्या बाजूला गेलो नव्हतो. हातखंब्यापासून पुढे सगळा चिखल, खिडकीच्या फटीतून पाणी मांडीवर. कंडक्टर नवीन, मला ओळखण्याचं कारण नव्हतं. पालीला गाडी थांबली तेव्हा तो मुलीच्या तापाचा ड्रायव्हर आठवला. कुठे असेल कोण जाणे.

स्टँडसमोर झेरॉक्सची दोन दुकानं. एकावर पुरुष बसलेला. दुसरीकडे चाळिशीची बाई, चष्मा कपाळावर ढकललेला, कोणाचं तरी रेशनकार्ड काचेवर ठेवत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी वळचणीला उभा राहिलो. मग म्हटलं, "बाय, जरा बोलायचं होतं."

तिने वर पाहिलं. चष्मा खाली घेतला. म्हणाली, "आबा ना?"

"कसं ओळखलंस?"

"आवाज. आणि बाय म्हणालात ना." तिने एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा. भिजलाव किती! छत्री नाय आणलीत?"

"गाडीत विसरली."

"एस.टी.तला माणूस एस.टी.त छत्री विसरतो?"

मी बसलो. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो होतो. शेवटी कसंबसं एकदाचं सांगून टाकलं. त्या दिवशी मी येतो म्हणालो होतो. चौकशीत निघतो म्हणालो. मी खोटं बोललो. मासे आले होते, म्हणून उठलो होतो.

ती झेरॉक्सच्या यंत्रातला कागद सारखा करत होती. करतच राहिली. म्हणाली, "माहिती आहे."

"काय माहिती आहे?"

"मुडदुशे होते. तुमचा माइक चालू राहिला होता, आबा. हेडफोन काढलात, पण वायरलेसचं बटण तसंच. सगळं ऐकायला येत होतं मला. माशेवाली म्हणते, बघा वैनी, अजून हलतायत. आणि काकी म्हणतात, अगो, तू टोपली हलवतेस म्हणून हलतायत." ती हसली. "मी एकटीच हसले इथं. तेवढ्यात गाड्या आल्या."

 मालतीचं ते वाक्य मला आठवतच नव्हतं. तिला जाऊन दोन हिवाळे झाले. घरात तिचा आवाज कुठे राहिलेला नाही. तो इथे लांज्याला, झेरॉक्सच्या दुकानात, जपून ठेवलेला निघाला.

"काकी बऱ्या आहेत ना?" तिने विचारलं.

मी मान हलवली. तिला कळलं.  मग आत जाऊन स्टोव्हवर चहा ठेवून आली.

"मग दुसऱ्या कोणाला हाक का नाही मारलीस?"

"कशी मारणार? वायरलेसवर एका वेळी एकच. तुमचाच नियम. तुमच्या अंगणातली सगळी बोलत होती, माझा आवाज जाईल कुठून?"

"पण मी येत नाही हे तुला कळलं होतं. मग नाका सोडून निघून जायचं होतंस."

"बदली आली नव्हती." तिने साधेपणाने सांगितलं. "आणि येतो म्हणाला होतात. येतो म्हणून गेलेलं माणूस उशिरा येतं, पण येतं, असंच धरतो ना आपण? आमच्याकडे तर गणपतीला येतो म्हणून मुंबईला गेलेले असतात. त्यांची वाट बघतोच ना?"

चहा आला. फार गोड होता. मी तो हातात धरून बसलो.

"चौकशीत का नाही बोललीस मग?"

"एवढ्या पोरांपुढे तुमचं हसं कशाला? मासे घ्यायला उठले म्हणून. म्हाताऱ्या माणसाला."  रस्त्याकडे बघत म्हणाली, "आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल."

माझ्यावर ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी ओरडणाऱ्या माणसांत आयुष्य काढलंय, त्याला काय उत्तर द्यायचं ते मला येतं.

नंतरचं तिने तुटक तुटक सांगितलं, मध्येच गिऱ्हाईकं करत. दिराने घरी येऊन मोठ्याने सांगितलं, आमची वहिनी फितूर निघाली. त्याने हसत सांगितलं, सासूने मात्र न हसता ऐकलं. मग सासूचं विचारणं सुरू झालं, फितूर म्हणजे काय, दुपारची कोणाशी बोलते, शटर अर्धं का असतं. नवऱ्यापर्यंत गेलं. कॉम्प्युटर दुकानातून उचलून घरात दिराच्या खोलीत गेलं. "झालं ते झालं. आता दुपारी जरा पडते मी. कंबर धरते ना, तेवढीच उसंत."

"मी सांगणार आहे सगळ्यांना."

"सांगा," ती म्हणाली. मला वाटलं ती नको म्हणेल, मोठ्या मनाने. ती तसं म्हणाली नाही. "सांगा. पण मला बोलवू नका ऐकायला."

निघताना दाराशी माझी जीभ अडखळली. काय म्हणून निघायचं तेच कळेना. नुसता हात वर केला.

शनिवारी संध्याकाळी प्रथमेशने सगळ्यांना जमवलं. नवी गस्त उभी राहतेय, आबासाहेब नियम सांगणार, असा त्यांचा समज. मी नियम सांगितले नाहीत. जे झालं ते क्रमाने सांगितलं, येतो आणि निघतोसकट, चालू राहिलेल्या माइकसकट. बोलून झालं. मग बोटीवरचा कोणीतरी पोर, कुठल्या समुद्रातून बोलत होता कोण जाणे, म्हणाला, "आबा, पण मासे कुठले होते?"

"मुडदुशे."

"मग माफ. बांगड्यासाठी नाका सोडला असतात तर लटकवलंच असतं."

सगळे हसले. कोणी म्हणालं, नाक्याचं नाव मुडदुशे नाका ठेवू. कोणी माशेवालीचा आवाज काढला. हसण्यात वाईट हेतू नव्हता. ज्या हलक्या हाताने त्यांनी तिला फितूर केलं होतं, त्याच हलक्या हाताने मला माफ करून टाकलं.

मी म्हटलं, "तिच्या नावापुढचं काढा. आणि मला बडतर्फ करा."

"आबा, एवढं काय त्यात?" प्रथमेश म्हणाला. "खेळ आहे."

"तिच्या वेळी 'एवढं काय' असं कोणीच म्हणालं नाही रे. मी पण नाही."

हसणं हळूहळू थांबलं. सुवर्णाचा दीर तिथे होता. तो म्हणाला, "मी सांगतो वहिनीला घरी."

"तू सांगू नकोस. एकदा सांगितलंस ते पुरे. लिहूनच पाठवा. आणि घरात मोठ्याने वाचायचं असेल तर तुझ्या आईपुढे वाच."

प्रथमेशने तिथल्या तिथे लिहिलं आणि सर्वांना वाचून दाखवलं: जमादार सुवर्णा यांनी नाका सोडला नव्हता. नाका गस्तप्रमुखाने सोडला होता. त्याखाली माझं नाव. मग तिला पुन्हा रुजू होण्याची विनंती. ते सगळं तिच्या फोनवर गेलं. मी यंत्र बंद करून रुमाल घातला आणि पडवीत येऊन बसलो. हलकं वगैरे वाटेल असं धरून चाललो होतो. नुसतं दमल्यासारखं झालं. दुसऱ्याचं देणं इतके दिवस दाबून ठेवलं आणि मग त्याच्या दारात टाकलं, त्यात आपण केलं काय?

दोन दिवस काही आलं नाही. दोन दिवस पाऊसही तसाच, न वाढणारा, न थांबणारा. प्रथमेश येऊन विचारून गेला, "काही कळलं का?" मी म्हटलं, "तिला दुकान आहे, कंबर आहे, सासू आहे. आपल्यासारखी रिकामी नाही ती."

तिसऱ्या दिवशी दुपारी फोनवर तिचा निरोप आला. रुजू होते असं नव्हतं, होत नाही असंही नव्हतं. कसे आहात नव्हतं, आबा नव्हतं, साहेब नव्हतं. एकच शब्द होता.

"वाचलं."

मी तो कितीतरी वेळ बघत बसलो. पाठवलेलं वाचलं, असंही असेल. जाणार होतं ते नाव वाचलं, असंही असेल. आपल्या भाषेत दोन्हीला शब्द एकच आहे. फोन करून विचारता आलं असतं. पण दुपारची वेळ होती, आणि दुपारी ती जरा पडते.